परतीचा पेढा

रामदासपेठेत दवाखाने इतके झालेत, की तिथं घर घ्यायचं तर माणसानं आधी आजारी पडावं, असं बाबनराव म्हणत. त्यांचं स्वतःचं घर तिथंच, मागच्या गल्लीत होतं आणि ते स्वतः सर्दीपलीकडे कधी आजारी पडले नव्हते. बायको मात्र दीर्घ आजारानं गेली. तिच्यासाठी आणलेला एक वर-खाली होणारा पलंग, एक व्हीलचेअर आणि एक वॉकर घरात उरला. शेजारी कुणाला तरी गरज पडली म्हणून दिला, तो परत आला, पुन्हा तिसऱ्याकडे गेला. असं करता करता तळमजल्याच्या खोल्यांत ‘सोबत रुग्णसाहित्य केंद्र’ उभं राहिलं. पलंग, हवेच्या गाद्या, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या. भाडं नाही. गरज संपली की आणून द्यायचं, एवढीच अट.

केंद्राचा एक नियम होता आणि तो कुठंही लिहिलेला नव्हता. वस्तू परत आली की विचारायचं नाही. माणूस उठून चालू लागला म्हणून परत आली, की गेला म्हणून परत आली, हे आणणाऱ्यानं सांगितलं तर ऐकायचं. नाही सांगितलं तर पाण्याचा पेला पुढे करायचा. “गरज संपली, इतकंच आपल्याले पुरे हाये,” बाबनराव म्हणत. काउंटर सांभाळणाऱ्या वंदनाताईंना हा नियम पटलेला होता. बरं झालेल्यांची माणसं पेढे घेऊन दिवसाउजेडी येत, पाच मिनिटं बसत, आशीर्वाद देऊन-घेऊन जात. गेलेल्यांची माणसं सकाळी केंद्र उघडायच्या आत येत, वस्तू आतल्या भिंतीला टेकवून ठेवत आणि निघून जात. वंदनाताई आल्या की ती वस्तू फिनेलनं धुऊन उन्हात ठेवत, आणि दुपारी ती पुढच्याच्या घरी रवाना होई. वर्षानुवर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

बिनबोभाट चालणं हीच मोठी अडचण आहे, असा शोध पुढे विश्वस्तांना लागला. विश्वस्त म्हणजे बाबनरावांबरोबर पहाटे फिरायला जाणारे त्यांचे मित्र. त्यातल्या एकाच्या सुनेनं सांगितलं, की आजकाल जे मोबाइलवर दिसत नाही ते जगात नसतंच. झालं. सुनेचं बोलणं सासऱ्यानं एरवी कधी मनावर घेतलं नसेल, पण हे घेतलं. आणि दामिनीला बोलावणं गेलं.

दामिनी सव्वीस वर्षांची, नागपुरातच वाढलेली, हुशार. धरमपेठेतल्या एका साड्यांच्या दुकानाचं पेज तिनं असं चालवलं होतं, की नवऱ्या मुली भंडाऱ्याहून साडी न बघता पक्की करून येत. सीताबर्डीवरच्या मोबाइल कव्हरवाल्याचे व्हिडिओ तिनंच प्रसिद्ध केले होते. पण साडीला पदर असतो, कव्हरला रंग असतो. कमोडच्या खुर्चीला काय असतं? पहिल्या दिवशी तिनं त्या खुर्चीचा सगळ्या बाजूंनी फोटो काढला. त्याला आवडलं म्हणणाऱ्यांत एक वंदनाताई होत्या आणि दुसरी दामिनीची आई. मग तिनं उपयोगाची माहिती द्यायला घेतली: पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं, वॉकरची उंची कशी बसवावी. माहिती उत्तम होती. लोक दोन क्षण थांबत आणि अंगठ्यानं वर ढकलून देत.

“माणसं पायजे,” ती वंदनाताईंना म्हणाली. “वस्तू कोण पाहते? चेहरा पायजे.”

चेहरा आला तो एका चहाच्या टपरीवाल्याचा. खुब्याचं हाड मोडून हा महिनोन्महिने घरी बसला होता. वॉकर परत द्यायला आला तो पेढ्यांचा डबा घेऊन, आणि दारातच त्यानं वॉकर डोक्यावर धरून असा काही ठेका धरला, की दामिनीनं हातातला चहा खाली ठेवून मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सबंध नागपूरभर फिरला. दुबईतल्या कुण्या वैदर्भीय माणसानं खाली लिहिलं, ‘आपलं नागपूर!’ दामिनीला सूत सापडलं. ‘परतीचा पेढा’ असं तिनं मालिकेचं नाव ठेवलं. जो बरा होऊन वस्तू परत देईल, त्यानं पेढा हातात घेऊन आपली गोष्ट सांगायची.

फाटकातून आत आल्या आल्या जो व्हरांडा लागतो, तिथं तिनं पिवळा पडदा लावला, गोल दिवा उभा केला, पेढ्यांसाठी पितळी ताट ठेवलं आणि वर पाटी टांगली: ‘परतीचा पेढा. हसा आणि सांगा!’ केंद्राचं पेज फुगत चाललं. विश्वस्त सकाळच्या फिरण्यात एकमेकांना व्हिडिओ दाखवू लागले, त्यामुळे फिरणं कमी आणि थांबणं जास्त होऊ लागलं.

एकटे बाबनराव पाटीकडे बघून म्हणाले, “पोरी, हे फाटकासमोरच काहून लावलं? सकाळी लोकं तिथूनच येते.”

“काका, सकाळी दिवा मी बंद ठेवते,” दामिनी म्हणाली.

बाबनरावांनी मान डोलावली. मोबाइलमधलं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटलं असावं. म्हाताऱ्या माणसांना हल्ली असं फार लवकर वाटतं, आणि त्याचा सगळ्यांनाच तोटा होतो.

पुढे हळूहळू एक गोष्ट घडली, म्हणजे खरं तर घडायची थांबली. सकाळी भिंतीला टेकवलेल्या वस्तू दिसेनाशा झाल्या. असलेली गोष्ट लगेच दिसते, नसलेली दिसायला वेळ लागतो. वॉकर येत, कुबड्या येत, पेढे तर इतके येत की वंदनाताईंची साखर वाढली. पण पलंग येईनात. पलंगावरचा माणूस बरा होऊन नाचत येणं तसंही दुर्मीळच. वंदनाताईंनी पलंग नेलेल्या घरी फोन केले. सगळे “हो हो, आणून देतो” म्हणाले आणि कुणीच आणून दिले नाहीत. विश्वस्तांनी लोकांच्या वृत्तीवर बरंच बोलून घेतलं.

या काळात रोशनी नावाची एक बाई उमरेडहून बसनं येत असे. तिच्या वडिलांच्या, रुपरावांच्या, अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. आयुष्यभर हातमागावर बसलेला माणूस आता बाजेवर उताणा पडून होता. बाजेच्या सुतळीनं पाठीला जखमा झाल्या होत्या. दवाखान्यातल्या नर्सनं वर-खाली होणारा पलंग आणि हवेची गादी सांगितली. गादी मिळाली. पण खोलगट बाजेवर ती हवेची गादी बसेना. पलंग हवा होता.

“पुढच्या सोमवारी पाहा,” वंदनाताई म्हणत. रोशनी पुढच्या सोमवारी येई. पिवळ्या पडद्याजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसे, इतरांचे पेढ्यांचे व्हिडिओ होताना बघे, आणि बसची वेळ झाली की उठे. तक्रार करत नसे. एकदा फक्त तिनं वंदनाताईंना विचारलं, “आमच्या मागून आलेल्या लोकायले तं नाही न दिला?” नाही म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. आपल्यालाच मिळत नाही असं नाही, कुणालाच मिळत नाही, हाही गरिबाला आधार असतो. दामिनीनं तिला पाहिलं होतं. पण रोशनीकडे अजून गोष्ट नव्हती. गोष्ट परतीला तयार होते.

मग कुशल आला. टिमकीतल्या विणकरांच्या घरातला हा नातू, आजी मैनाबाईची व्हीलचेअर परत द्यायला छोटा हत्ती टेम्पो करून आला होता. हातात बुंदीच्या लाडवांचा मोठा डबा. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली सफाचट मुंडण. वंदनाताई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. बाबनराव आत एका खुर्चीचं चाक बसवत होते. समोर फक्त दामिनी होती.

“घ्या, तोंड गोड करा,” कुशल म्हणाला.

दामिनीच्या डोक्यात गोष्ट क्षणात जुळली. लाडू आणि मुंडण. म्हणजे नवस! आजी उठून बसावी म्हणून नातवानं नवस बोलला असणार, केस वाहून आला असणार. पेढ्याच्या जागी लाडू, म्हणजे आनंदही त्या मानानं मोठा. तिनं त्याला पडद्यासमोर उभं केलं, टोपी काढायला लावली. लाजाळू पोरगा. त्याला वाटलं, परत दिल्याची नोंद म्हणून इथं फोटो काढत असतील. सरकारी कचेरीत काढतात तसा.

“आजीबद्दल दोन शब्द बोला न,” ती म्हणाली.

“आजीले तुमच्या खुर्चीनं लय आराम भेटला,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत अंगणात बसे. तुमचे उपकार हायेत.”

‘शेवटपर्यंत’ हा शब्द दामिनीनं ऐकला नाही असं नाही. पण त्याच वेळी बाहेर ऑटोनं भोंगा वाजवला, तेवढा तुकडा खराब झाला आणि तिनं तो कापून टाकला. बाकी काही विचारायचा प्रश्नच नव्हता, केंद्राचा नियमच होता. रात्र पडायच्या आत व्हिडिओ तयार झाला. सनईचं संगीत, हसरा कुशल, लाडवांवरून फिरणारा कॅमेरा, आणि खाली ठळक अक्षरं: ‘नातवानं नवस फेडला, मैनाबाई उभ्या राहिल्या!’

आजवरचे सगळे व्हिडिओ त्यानं मागे टाकले. पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी आपण रडलो असं लिहिलं. कुणी आपल्या आजीचे फोटो टाकले. एका विश्वस्तानं दामिनीला फोन करून “वा!” म्हटलं आणि दुसऱ्यानं त्याच वाक्याला “शाब्बास” जोडलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे आठवड्याच्या आतच कळलं. कुशलची आई प्रयागबाई फाटकातून आली ती थेट पिवळ्या पडद्यासमोर येऊन थांबली. धिप्पाड बाई, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की पलीकडच्या दवाखान्यातल्या पेशंटनं कूस बदलावी.

“फोटोवाली कोण हाये वं?”

दामिनी पुढं झाली.

“माह्या सासूले जित्ती करणारी तूच काय?”

दामिनीला पहिल्यांदा काहीच कळेना. वंदनाताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. प्रयागबाईनं तो घेतला, घटाघटा प्यायली आणि जोमानं पुन्हा सुरू झाली. “आमच्यात पणतू पाहून गेलेलं माणूस म्हणजे मरणाचं सोनं. तेरवीले रडत नाही आमी, बुंदीचे लाडू वाटतो. पोराच्या हातानं तुमच्या इथं पाठवले, तुमची खुर्ची होती म्हणून. अन् तू काय केलं? पवनीवरून माह्या नणंदेचा फोन. म्हणते, आई जित्ती हाये अन् तुमी मले तेरवीले बोलावलं? गावात लोकं म्हणून राहिले, घर नावावर करून घ्याले बुढीची जित्तेपणी तेरवी केली! कुशलले तं पोरं नवसाचा बकरा म्हणून चिडवून राहिले.”

वंदनाताईंनी आधी ओठ चावले. हसू येऊन चालणार नव्हतं. दामिनीला हसू वगैरे काही आलं नाही. जे माणूस गेलं त्याच्यावर तिनं सनई लावली होती, आणि अख्खं नागपूर त्यावर नाचलं होतं.

“काकू, चुकलं,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता काढते.”

“काढून काय होते? ज्यायनं पाह्यलं त्यायले कोण सांगन? मले उभं कर तिथं. मी सांगते.”

असं म्हणून प्रयागबाई स्वतःच पडद्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भोवती बघू लागली. गोल दिवा, पितळी ताट, वरची पाटी. पाटी तिनं मोठ्यानं वाचली. ‘हसा आणि सांगा.’ मग एकदम तिचा आवाज खाली आला.

“हेच न थे? म्हणूनच आमच्या मागच्या गल्लीतली पार्वतीबाई तुमचा पलंग घेऊन येत नाही.”

“कोणता पलंग?” वंदनाताई उठून उभ्याच राहिल्या.

“सूर्यभानचा. तिचा मालक. गेला थो, होळीच्या आगुदर. पलंग भिंतीले उभा करून ठेवला हाये. मी म्हटलं, नेऊन दे न वं. तं म्हणते, तिथं बरं झालेल्याचेच घेते. पेढे लागते, हसून बोला लागते, मोबाइलमंदी सारं दिसते. आपलं माणूस तं गेलं, म्हणे, मी कोणत्या तोंडानं जाऊ? अन् तीच एकटी नाही. आमच्या इकडं साऱ्यायले तसंच वाटते.”

बाबनराव आतून येऊन दारात उभे होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ‘सांगितलं होतं’ असं ते म्हणाले असते तर दामिनीला सोपं गेलं असतं. तिच्या डोळ्यांपुढे रोशनी आली, त्याच पडद्याजवळच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. ती ज्या पलंगाची वाट बघत होती, तो ह्या पडद्यानंच अडवून ठेवला होता. दामिनीनं काम चांगलं केलं होतं. फार चांगलं केलं होतं. टिमकीतल्या म्हाताऱ्या विधवेपर्यंत तिचा संदेश बरोब्बर पोहोचला होता.

तिनं दिवा लावला नाही. प्रयागबाईला भिंतीसमोर उभं केलं आणि मोबाइल धरला. प्रयागबाईनं एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, सगळा वेळ ती वंदनाताईंशीच बोलत राहिली: “मैनाबाई माही सासू. गेली थे. पणतू खेळवून गेली. तेरवी झाली, लाडू वाटले, या पोरीनं खाल्ले अन् हिले वाटलं बुढी उठली. ज्याले अजून शंका हाये त्यानं घरी येऊन पाहून घ्यावं, फोटोले हार लावला हाये. अन् आयका. ज्याच्या घरी इथला पलंग पडला हाये त्यानं आणून द्या. माणूस बरं होवो की जावो. पेढे लागत नाही. कोणी इचारत नाही. पाणी देते, थंडं हाये.”

दामिनीनं त्यातला एक शब्द कापला नाही. संगीत लावलं नाही. खाली लिहिलं, ‘चूक आमची आहे.’ आणि पाठवून दिलं. मग स्टूलावर चढून तिनं पाटी उतरवली, पडद्याच्या कड्या काढल्या. वंदनाताईंनी घडी घालायला मदत केली. पडदा चांगला जाड होता, पुढे तो धुतलेले पलंग झाकायला कामी आला.

त्या व्हिडिओला फार कुणी हृदयं दिली नाहीत. बरेच जण हसले. काहींनी, संस्थेनं अशी चूक करायला नको होती, असं लिहिलं. विश्वस्तांपैकी “वा!” म्हणणारे गृहस्थ या वेळी गप्प राहिले.

दुपारीच दामिनी छोटा हत्ती घेऊन प्रयागबाईबरोबर टिमकीला निघाली. निघण्याआधी तिनं रोशनीला फोन केला. पलंग मिळतो आहे, संध्याकाळपर्यंत घेऊन येते, असं सांगितलं.

“ताई,” रोशनी म्हणाली, “पलंग पायजे, लय पायजे. पण पेढ्याचं मी काही सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणून राहिले, हे उठणार नाही. मंग देसान न?”

“पेढे नको, वं,” दामिनी म्हणाली.

पार्वतीबाईचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्या. प्रयागबाईनं दारातूनच हाळी दिली, “पार्वतीबाई, पलंगवाले आले वं!” आतून “आली, आली” असा बारीक आवाज आला आणि मग बराच वेळ कुणी आलं नाही. पलंग खरंच भिंतीला उभा होता. त्याच्यावर धुतलेलं जुनं लुगडं पांघरलं होतं, धूळ बसू नये म्हणून. लोखंडाला कुठं गंज नव्हता. कुणीतरी रोज पुसत होतं.

पार्वतीबाई बाहेर आली तेव्हा तिनं नवं पातळ नेसलं होतं. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. हातात सीताबर्डीच्या मिठाईच्या दुकानातला पेढ्यांचा डबा होता. तो तिनं दोन-चार दिवसांपूर्वीच आणून ठेवला असावा. डब्याची दोरी सैल पडून पुन्हा बांधलेली दिसत होती. ती पलंगाजवळ जाऊन उभी राहिली, डबा दोन्ही हातांनी छातीसमोर धरला, मोबाइलवर इतरांना धरताना बघितलं असेल तसा. मग दामिनीकडे पाहून तिनं विचारलं,

“हसा लागते का वं?”

दामिनीनं आजवर शेकडो माणसांना ‘हसा’ म्हटलं होतं. या वेळी तिचा चेहरा लाजेनं पेटला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

“नाही आजी,” ती म्हणाली. “काहीच लागत नाही.”

“फोटो?”

“नाही.”

“मंग हे?” पार्वतीबाईनं डबा पुढे केला. परत ठेवायला तिला जागा सापडत नव्हती. नवऱ्याच्या पश्चात एकट्या बाईनं घरात पेढे ठेवून करायचं तरी काय? दामिनीनं तो डबा घेतला. पार्वतीबाईनं लुगडं काढून पलंगाच्या दांडीवरून एकदा हात फिरवला, आणि ड्रायव्हरला म्हणाली, “डोक्याकडली बाजू जरा जड हाये, बाबू. जपून.”

उमरेडला पोहोचेपर्यंत उन्हं उतरली होती. रुपरावांच्या घरी जिथं पूर्वी माग होता ती जागा रिकामी होती. मागाचा खड्डा कधीच बुजवून त्यावर फरशी घातलेली. पलंग तिथं बरोब्बर बसला. ड्रायव्हरनं आणि शेजाऱ्यांनी रुपरावांना चादरीसकट उचलून वर घेतलं, रोशनीनं गादीत हवा भरली, दामिनीनं पायथ्याचा दांडा फिरवला. डोक्याकडची बाजू हळूहळू वर आली. इतके दिवस आढं बघत पडलेल्या माणसाला दार दिसलं, दाराबाहेरची गल्ली दिसली, गल्लीतून जाणारी एक शेळी दिसली. रुपराव शेळी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. रोशनी चुलीकडे तोंड करून पदरानं नाक पुसत होती.

मग त्यांची नजर दामिनीच्या हातातल्या डब्यावर गेली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

“पेढे कायचे, पोरी? कोण बरं झालं?”

रोशनीनं चटकन दामिनीकडे बघून डोळ्यांनीच ‘बरे झाले म्हण’ असं सांगितलं. तसं म्हणणं सोपं होतं. दामिनीनं वर्षभर दुसरं काही केलंच नव्हतं.

“कोणी नाही, आजोबा,” ती म्हणाली. “ज्यायचा हा पलंग होता थे गेले. त्यायच्या घरून दिले हायेत.”

रोशनीनं कपाळावर हात मारला. रुपरावांनी चांगला हात डोक्यामागच्या लोखंडी दांडीवर ठेवला, जसा कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

“नाव काय त्याचं?”

“सूर्यभान. टिमकीचे.”

“आण,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. दामिनीनं दोरी सोडून पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला.

“सूर्यभानभाऊ,” रुपराव म्हणाले, “तुह्या जागेवर पाठ टेकतो गा.” आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.